दोनशे ऐंशी डॉलरची स्प्रिंग

प्रिय लुएला,

तुझ्या घराभोवतीचा बर्फ अखेर वितळला. उत्तरेच्या भिंतीला एक मळकट ढीग अजून चिकटून बसलाय, पण तो दरवर्षी तसाच बसतो, त्याला कुणी विचारत नाही. मी रोज सकाळी एक चक्कर मारते. तळघरात पाणी नाही, नळ ठीक आहेत, आणि तुझं खिडकीतलं जिरॅनियम मी माझ्याकडे आणलंय, कारण तुझ्या लेकाने, ब्रेंटने, तुला ओमाहाला नेताना घर गरम ठेवणारी भट्टी इतकी मंद करून ठेवली की त्या बिचाऱ्याने मान टाकली होती. माझ्याकडे आल्यापासून एक पान नवीन आलंय. घरं विकणारी ती बाई अंगणात 'विकणे आहे'ची पाटी ठोकून गेली. जमीन आतून अजून गोठलेली, त्यामुळे पाटी तिरकी उभी आहे. जाता-येता मी ती सरळ करू शकले असते, पण केली नाही. एवढाच काय तो माझा निषेध.

रविवारी फोनवर तू म्हणालीस की गिऱ्हाईक मिळालं आणि येत्या शनिवारी कागदांवर सही आहे. वर हेही म्हणालीस की ब्रेंटने तुला डॉक्टरकडे नेलं आणि तुझं डोकं नीट चालतंय का ते बघायला त्यांनी तुला घड्याळाचं चित्र काढायला लावलं. "काटे बरोबर काढले गं मी, आर्लिस, पण हल्ली माझा माझ्यावरच भरवसा नाही," असं म्हणून तू हसलीस. ते हसणं मला मुळीच आवडलं नाही. शाळेत तीस वर्षं गणित शिकवलेली तू, आणि घड्याळ काढून वर खात्री नाही म्हणतेस! मी काहीतरी बोलणार होते. पण तू फोन टेबलावर ठेवून मोठ्या आवाजात बोलतेस, ब्रेंटचं अख्खं स्वयंपाकघर ऐकत असतं, मागे भांडी वाजत होती, म्हणून मी हवापाण्यावर घसरले. खरं सांगायचं तर भांडी वाजत नसती तरी मी बोलले असते असं नाही. म्हणून हे पत्र लिहायला बसले आहे, आणि बघ, एवढं लिहूनही अजून जिरॅनियमच्या पुढे गेलेले नाही.

मला तुझ्याशी गॅरेजच्या स्प्रिंगबद्दल बोलायचं आहे. कंटाळू नकोस. आपली दोन घरं एकाच बांधकामवाल्याने एकाच उन्हाळ्यात उभी केली, दारंही एकाच गाडीतून उतरवली, हे तुला माझ्यापेक्षा जास्त आठवत असेल, कारण तुझा नॉर्बर्ट त्या माणसांवर लक्ष ठेवायला खुर्ची टाकून बसायचा. पुढचं दार आपण कधी वापरलं? धर्मप्रचारक आले तर, नाहीतर पोलीस. बाकी सगळं आयुष्य गॅरेजच्या दारातून आत आलं आणि बाहेर गेलं. माझा लेरॉय गेला तेव्हा त्यालासुद्धा तिथूनच नेलं, कारण पुढच्या दाराशी बर्फ काढलेला नव्हता. आणि जुलैतल्या त्या संध्याकाळी! दार वर करून, घडीच्या खुर्च्या टाकून आपण चौघं रस्त्याकडे तोंड करून बसायचो, जणू समोर सिनेमाच चालू आहे. नॉर्बर्ट आणि लेरॉय गवत कापायच्या यंत्रावरून भांडायचे आणि आपण दोघी कुणाच्या घरी कुणाची गाडी थांबली ते बघायचो. त्या दाराला वर चढवते ती डोक्यावरची स्प्रिंग, हे मला या जानेवारीपर्यंत धड माहीतही नव्हतं.

तो आवाज तूही ऐकला होतास. लगेच फोन केलास, "आर्लिस, तू पडलीस का?" मी म्हटलं, "मी नाही पडले, पण काहीतरी पडलं खरं." पडलं काहीच नव्हतं. दाराच्या वर दोन स्प्रिंगा आहेत, त्यातली एक मधोमध तुटून दोन तुकडे झाले होते, गाडी आत आणि दार जागचं हलेना. पलीकडचा ऑर्विल टोपी कानावर ओढत आला. त्याने वर बघितलं, जीभ गालात फिरवली आणि म्हणाला, "गेली. आता दुसरीही जायच्या वाटेवर असणार, दोघींचं वय एकच. म्हणत असशील तर मी बघतो." मी म्हटलं, "छे छे, कशाला उगीच तुला त्रास, केवढी थंडी पडलीय." तो म्हणाला, "त्रास कसला? पीळ द्यायच्या सळ्या आहेत माझ्याकडे. स्प्रिंगा आणून बसवल्या तर तीनशेच्या आत काम होईल." मी म्हटलं, "नको रे, तुझा खांदा दुखतोय." आता, दोनदा नको म्हणायचं आणि तिसऱ्यांदा 'बरं, तुला फार अडचण नसेल तर' म्हणायचं, हे काय आपल्याला कुणी शिकवावं लागतं? मी तिसऱ्या वेळेची वाट बघत उभी. ऑर्विलने आणखी एकदा वर बघितलं, "बरं मग," म्हणाला आणि घरी गेला. मला असा राग आला! मनात म्हटलं, नुसतं तोंडदेखलं विचारत होता मेला.

रागाच्या भरात मी फ्रिजवरचं ते चुंबक काढलं, गॅरेजची दारं दुरुस्त करणाऱ्यांचं. कधीतरी दारात टाकून गेले होते आणि मी त्याखाली किराण्याची यादी अडकवत होते. त्याच दिवशी दुपारी माणूस आला. चाळिशीचा, नीटनेटका, बूट पुसून आत येणारा. तुला माहीत आहे तो, तुझ्याकडेही तोच आला होता. माझ्याकडे त्याने भिंतीवरचा लेरॉयचा फोटो बघून विचारलं, "साहेब नौदलात होते का, मॅडम?" झालं, मी केटली चढवली आणि लेमन बारच्या वड्या कापल्या. तो खात खात म्हणाला, "तुम्हाला घाबरवायचं नाहीय मला. पण या तारा बघा. आणि या चाकाच्या फिरक्या. दार म्हणजे घरातली सगळ्यात जड हलणारी वस्तू, मॅडम. नातवंडं येतात ना तुमच्याकडे?" मग त्याने पाटीसारखा तो टॅब्लेट माझ्यापुढे धरला. त्यावर तीन भाव होते, एकाखाली एक. वरच्यात आयुष्यभराची हमी होती. कुणाच्या आयुष्याची, हे मी विचारलं नाही.

मी मधला निवडला. आता हसायचं असेल तर हस. वरचा घेतला तर चढेल दिसतो, खालचा घेतला तर चिक्कू दिसतो, तेव्हा आपल्याकडची कुठलीही शहाणी बाई मधलाच घेणार, आणि ज्याने ते तीन भाव एकाखाली एक लावले त्याला हे माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक असणार. एवढे कसे झाले, असं विचारायची माझी छाती झाली नाही. माणूस आपल्या टेबलाशी बसून आपल्या हातचं खात असताना त्याला महाग आहेस असं कसं म्हणायचं? मी काचेवर बोटाने सही केली. ती सही माझी वाटतच नव्हती, पहिलीतल्या पोराने गिरवल्यासारखी होती. तो तासाभरात काम उरकून निघाला तेव्हा उरलेले लेमन बार मी त्याला कागदात बांधून दिले. मग गॅरेजमध्ये जाऊन बटण दाबलं. दार अगदी अलगद, आवाज न करता वर गेलं, आणि ते वर जात असतानाच मला कळलं की मी मूर्ख ठरले आहे. तिथेच गाडीच्या बोनेटला टेकून मी बराच वेळ उभी राहिले. दार उघडं होतं आणि घरभर गारठा भरत होता.

दुसऱ्या दिवशी ऑर्विल त्याच्या दारातला बर्फ लोटत होता. माझ्याकडे बघून ओरडला, "काय, कितीला कापलं तुला?" आणि मी तिथल्या तिथे म्हटलं, "दोनशे ऐंशी." कुठून आला हा आकडा ते मी तेव्हाच ओळखलं होतं. त्याने 'तीनशेच्या आत' म्हटलं होतं, मी त्याच्याही आत गेले. ऑर्विलने शिट्टी मारली. "दोन्हींचे? भला माणूस गाठलास की!" काय सांगू तुला, मला आनंद झाला. खोटं बोलल्याची लाज वाटायच्या आधी आनंद झाला. आपल्याला कुणी 'कोट छान आहे' म्हटलं तर आपण 'थँक यू' म्हणायच्या आधी तो किती स्वस्तात मिळाला ते सांगतो. तुझा तो निळा कोट चर्चच्या जुन्या कपड्यांच्या विक्रीत चार डॉलरला मिळाला, ही बातमी मला नॉर्बर्टला पहिला झटका आल्याच्या बातमीआधी कळली होती. जास्त पैसे मोजून आलेल्या माणसाची आपल्याकडे कीव करतात, आणि कीव म्हणजे काय असते ते विधवा झाल्यावर मी पुरेसं चाखलं आहे.

तेव्हा तो आकडा खरा नव्हता, लुएला. हे वाक्य लिहायला मला इतका वेळ लागला. आणि अजून खरा आकडा लिहायला हात धजत नाही, जरा दम धर.

रविवारी प्रार्थनेनंतर चर्चच्या तळघरात कॉफीच्या वेळी ऑर्विलने माझं कौतुक आरंभलं. मी किती मुरलेलं गिऱ्हाईक, वगैरे. तू शेजारीच होतीस, माझ्या पाठीवर थाप मारून म्हणालीस, "ही पूर्वीपासूनच पक्की आहे." मी कपात बघत राहिले. तिथून बाहेर पडताना मी ठरवलं की ही गोष्ट आता संपली, कुणी विचारलं तर 'चुंबक हरवलं' म्हणायचं. पण आपल्या स्प्रिंगांचं वय एकच होतं ना? फेब्रुवारीत तुझी गेली. तू मागच्या दाराने आलीस, अंगावर चार डॉलरचा तो कोट, दुसऱ्या दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरची वेळ, गाडी आत अडकलेली. म्हणालीस, "अगं, तुझा तो दोनशे ऐंशीवाला माणूस दे मला."

मी कितीतरी दिवस स्वतःची समजूत घालत होते की चुंबक फ्रिजवर होतं आणि त्यावरचा नंबर तूच वाचून घेतलास. ते खोटं आहे. चुंबक मी ड्रॉवरमध्ये लपवलं होतं. मी ड्रॉवर उघडला आणि ते काढून तुझ्या हातात ठेवलं. त्या एका क्षणात मला सगळं सुचत होतं. ऑर्विलला सांगू का, असं म्हणता आलं असतं. तो माणूस बरा नाही, एवढं तरी म्हणता आलं असतं. पण मग तू 'का गं?' विचारलं असतंस, आणि तुला उत्तर दिल्याशिवाय तुझ्यापुढून सुटलेला माणूस मी आजवर पाहिलेला नाही. मी मनाशी म्हटलं, कदाचित तो हिच्याकडून कमी घेईल. हिला आकड्यांचं कळतं, हिला तो फसवणार नाही.

दुपारी त्याची गाडी तुझ्या दारात लागली. मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघत होते. मधे रस्तासुद्धा नाही, नुसती झुडपांची एक ओळ. जाऊन दार वाजवलं असतं तर तो टॅब्लेट काढायच्या आत काम झालं असतं. मी बूट घातले. एक बूट घातला, खरं म्हणजे. मग बसले. मग पडदा नीट केला, ओटा पुसला, आणि त्याची गाडी जाईपर्यंत तो पुसलेला ओटा पुसत राहिले. संध्याकाळी तुझा फोन नाही. एरवी तू नवीन झाडू आणलास तरी फोन करतेस. तू गप्प का आहेस ते मला बरोबर कळलं, कारण मीही तशीच गप्प होते. आणि खरं सांगू? मला क्षणभर हायसं वाटलं. म्हटलं, चला, मी एकटी नाही. आता हिने विचारलं तर मीही सांगून टाकीन आणि दोघी मिळून त्या मेल्याला शिव्या घालू. पण तू विचारलं नाहीस, कारण तुझ्या समजुतीप्रमाणे मी दोनशे ऐंशीवाली होते. माझ्यापुढे तुला लाज वाटत होती, आणि ती वाटू देणारी मी होते.

मार्चमध्ये ब्रेंट ओमाहाहून आला. ब्रेंट वाईट नाही, हे मी तुझ्यासमोर म्हणते आणि पाठीमागेही म्हणते. नॉर्बर्टच्या आजारपणानंतर तू त्याला बँकेच्या खात्यावर नाव घालू दिलंस, तेव्हा त्याने ते आकडे बघितले यात त्याचा काय दोष? तू मला कॉफीला बोलावलंस. मी आत आले तर टेबलावर ते बिल, ब्रेंटच्या हातात पेन, आणि तू दालचिनीचा केक कापत उभी. त्याने मला खुर्ची ओढून दिली. लहानपणापासून म्हणतो तसंच म्हणाला, "मिसेस टी, तुमचं दारही याच लोकांनी केलं ना? तुमच्याकडून किती घेतले?" तू मधेच म्हणालीस, "ब्रेंट, मी त्याला दार ज्यावर सरकतं ते रोलर नको म्हटलं होतं. तो त्याचे वेगळे मागत होता, मी नाही दिले." तो म्हणाला, "आई, एक मिनिट थांब. मिसेस टी?"

लुएला, मी तुझ्याकडे बघितलं होतं. तुझ्या हातात सुरी होती आणि तू माझ्या उत्तराची वाट बघत होतीस, अगदी शांतपणे, जशी तू वर्गात पोरांची बघत असशील. आणि मी म्हटलं, "दोनशे ऐंशी." ब्रेंटने डोळे मिटले. "बघ आई," तो म्हणाला, आणि रागाने नाही गं, रागाने म्हणाला असता तर मी त्याच्यावर उलटले असते. तो रडवेला होऊन म्हणाला, "तोच माणूस, तेच दार, आणि तू अठराशे साठ देऊन बसलीस. उद्या गॅस चालू राहिला तर?" तू केकचा तुकडा माझ्या बशीत ठेवलास. म्हणालीस, "मग मीच कुठेतरी भलतीकडे सही केली असेन. हल्ली होतं तसं माझं." ते तुझं काही होत नव्हतं! त्या दिवसापर्यंत तुझं काहीही तसं होत नव्हतं. तू तिथे बसून स्वतःविरुद्ध साक्ष दिलीस, कारण माझ्या शब्दापेक्षा तुझ्या डोक्यावर शंका घेणं तुला सोपं वाटलं. मी तो केक खाल्ला. सगळा खाल्ला, आणि चांगला झालाय म्हटलं.

मी का बोलले नाही, ते सरळ सांगते, त्याला काही साज चढवत नाही. माझी लेक जोलीन मिनियापोलिसहून मला म्हाताऱ्या माणसांच्या सदनिकांची रंगीत माहितीपत्रकं पाठवत असते, तुला दाखवली होती मी, आपण दोघी त्यांतल्या त्या दात दाखवणाऱ्या आजोबांवरून किती खिदळलो होतो. ब्रेंटने तुझं चेकबुक आणि गाडीची किल्ली त्याच्या खिशात टाकली तेव्हा मला दिसत होतं की हे सगळं जसंच्या तसं माझ्या टेबलावर होऊ शकतं. ब्रेंट जोलीनला ओळखतो. एक फोन पुरे. म्हणजे तुझं घर जात होतं आणि मी माझं घट्ट धरून बसले होते. निघताना तू मला घराची किल्ली दिलीस आणि म्हणालीस, "तू आहेस म्हणून मला काळजी नाही." मी 'नीट जा' म्हटलं. गाडी वळली, तू हात केलास, आणि मी घरात येऊन माझ्याच पुढच्या दाराला आतून कडी घातली. कुणापासून, ते मला ठाऊक नाही.

तेव्हापासून मी धड जेवत नाही, असं लिहिलं तर ते खोटं होईल. जेवते, झोपते, पक्ष्यांना दाणे घालते. एवढंच की चर्चच्या तळघरात जायचं बंद केलंय, आणि लोकांना वाटतं तुझ्या आठवणीने. परवा, तुझा तो फोन झाल्यावर, मी ऑर्विलच्या दाराशी गेले आणि त्याला आकडा सांगितला. खरा. त्याने टोपी काढली आणि परत घातली. मग म्हणाला, "मी तिसऱ्यांदा विचारणारच होतो. पण तू अशी काही हाताची घडी घालून उभी होतीस, मला वाटलं माझं काम नकोय तुला." दोघंही थोडा वेळ बुटांकडे बघत उभे राहिलो. मग तो म्हणाला, "लुएलाला सांगितलंस?" मी मान हलवून नाही म्हटलं. तो म्हणाला, "मग माझ्याकडे काय करतेयस तू? जा घरी." असा तोडून तो माझ्याशी आजवर कधी बोलला नव्हता, आणि त्याचं बरोबर होतं.

आज सकाळी जोलीनला फोन केला. तिला तुझ्या आधी सांगायचं ठरवलं, कारण ती कळल्यावर काय करेल या भीतीनेच मी गप्प होते, आणि ती भीती पोटात ठेवून हे पत्र मी अर्ध्यातच फाडलं असतं. तिने आकडा ऐकला. "आई," म्हणाली. मग, "मी या शनिवारी येते. आपण जरा बोलू." म्हणजे काय ते तुला सांगायला नको. येऊ दे. मी कॉफी करीन, पण केक करणार नाही.

तर आता आकडा. तेवीसशे चाळीस डॉलर. दोन स्प्रिंगा, तारा, फिरक्या, रोलर आणि मधल्या भावातली काय असेल ती हमी. तू अठराशे साठ दिलेस. त्याने तुझ्यापुढेही तेच तीन भाव धरले असणार, आणि तू खालचा निवडलास, रोलर नाकारलेस, त्याच्याशी वाद घातलास. ब्रेंटने तुझा आकडा वाचून दाखवला तेव्हा माझ्या मनात सगळ्यात आधी काय आलं सांगू? की लुएलाने माझ्यापेक्षा जवळजवळ पाचशे वाचवले. मी ते ऐकलं, हिशेब केला, आणि तोंड उघडून 'दोनशे ऐंशी' म्हटलं. शनिवारी सही करण्याच्या आधी हे पत्र ब्रेंटला वाचून दाखव, नुसतं हातात देऊ नकोस, तो वरवर चाळेल. तू स्वतः वाच, खड्या आवाजात, आकड्यांसकट. त्याला पटलं नाही तर मला फोन कर, मी त्याला पुन्हा सांगेन, आणि त्या डॉक्टरलाही सांगेन. ओमाहा आवडलं असेल तर राहा, घर नकोसं झालं असेल तर वीक, पण डोकं चालत नाही म्हणून विकू नकोस. तुला काहीही झालेलं नाही, लुएला. मी खोटं बोलले.

अजून म्हणू देणार असशील तर, तुझीच,
आर्लिस